पोकी मशीनला लगाम: सरकारी प्रस्ताव कसे जोखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेली मराठी मंडळी हे प्रश्न विचारतात. निवडणूक जवळ आली की इथे वीस वर्षं मुरलेलेही विचारतात. आकडे सार्वजनिक आहेत, मतं माझी आहेत. ती लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

पोकी म्हणजे नेमकं काय? कॅसिनोतलं स्लॉट मशीनच ना?

मशीन तेच, जागा वेगळी. बटण दाबायचं, पडद्यावरची चक्रं फिरतात, दोन-तीन सेकंदांत निकाल. पत्त्यांच्या पोकरशी याचा नावापुरताच संबंध. बहुतेक देशांत अशी मशीनं कॅसिनोत असतात. ऑस्ट्रेलियात ती कोपऱ्यावरच्या पबमध्ये आणि वस्तीतल्या क्लबमध्ये असतात, म्हणजे जिथे आपण मुलांना घेऊन स्वस्तात जेवायला जातो तिथेच, एका दाराआड. न्यू साउथ वेल्सने क्लबना १९५६ साली परवानगी दिली आणि पबना १९९७ मध्ये. व्हिक्टोरियाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दार उघडलं, साउथ ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये. आज एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये ऐंशी हजारांहून जास्त मशीनं आहेत आणि तिथले लोक त्यांवर वर्षाला ८ अब्ज डॉलरहून जास्त हरतात. हरतात म्हणजे जिंकलेलं सगळं वजा करून.

मशीन ९० टक्के परत देतं असं ऐकलं. मग शंभरातले दहाच जातात ना?

या एका गैरसमजावर अख्खा धंदा उभा आहे, म्हणून जरा बसून हिशेब करू.

परताव्याची टक्केवारी तुम्ही खिशातून आणलेल्या पैशांवर नसते, प्रत्येक डावावर असते. शंभर डॉलर घेऊन बसलात, डाव १ डॉलरचा, तीन सेकंदांना एक. पाच मिनिटांत शंभर डाव होतात आणि सरासरीने ९० उरतात. कोणी उठत नाही, तेच ९० पुन्हा फिरतात: ८१. मग ७३, मग ६६. वीस मिनिटांत एक तृतीयांश गेले आणि मशीनने आपला ९० टक्क्यांचा शब्द तंतोतंत पाळला. तासभर याच वेगाने बटण दाबलं तर १,२०० डाव होतात आणि सरासरी तोटा १२० डॉलर. डाव १ ऐवजी १० डॉलरचा असेल, जो न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने चालतो, तर १,२०० डॉलर. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या केंद्र सरकारच्या सल्लागार आयोगाने २०१० च्या अहवालात हाच आकडा तासाला १,५०० डॉलर किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो असं म्हटलं होतं.

हा सरासरीचा हिशेब झाला. प्रत्यक्षात एखादा शंभराचे चारशे करून उठतो. तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगतो. बाकीचे सांगत नाहीत.

ज्याला अक्कल आहे तो थांबतो. सरकारने मध्ये का पडावं?

हा प्रश्न आपल्या लोकांत फार. "आमच्या गावात मटक्यापायी घरं बसली, तशी इथेही बसतात, चालायचंच." पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटायचा. मधल्या वेळात माणूस निदान जेवायचा, झोपायचा, बायकोच्या शिव्या खायचा. पोकीचा आकडा दर तीन सेकंदांना फुटतो. भानावर यायला जागाच नाही.

शिवाय मशीन हरल्यालाही जिंकल्यासारखं वाजवतं. तुम्ही अनेक ओळींवर मिळून १ डॉलर लावला, ३० सेंट परत आले, म्हणजे ७० सेंट गेले. तरी दिवे लुकलुकतात आणि घंटा वाजते. टास्मानियाने असल्या खोट्या विजयाच्या आवाजावर बंदी घातली आहे, यावरून तो परिणाम किती खरा आहे ते कळावं.

प्रॉडक्टिव्हिटी कमिशननेच २०१० मध्ये एक गोष्ट मांडली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोकीवरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के पैसा नादी लागलेल्या माणसांकडून येतो. या आकड्यात अनिश्चितता आहे, कमिशनने स्वतःच २२ ते ६० टक्के असा पट्टा दिला होता. खालचं टोक धरलं तरी ज्या धंद्याचा पाचातला एक रुपया आजारी माणसाच्या खिशातून येतो, त्याला 'करमणूक' म्हणताना जीभ अडखळायला हवी.

मग प्रस्ताव चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?

माझी कसोटी एकच: गल्ला किती घटेल?

मंत्री म्हणतो, "या उपायाने नुकसान कमी होईल आणि धंद्यालाही धक्का लागणार नाही." दोन्ही एकदम होऊ शकत नाही. नुकसान म्हणजे हरलेला पैसा आणि हरलेला पैसा म्हणजेच गल्ला. ज्या उपायाने गल्ला हलणार नाही, त्याने नुकसानही हलणार नाही. म्हणून मी प्रस्तावाच्या आधी क्लबांच्या आणि पबांच्या संघटनांचं पत्रक वाचतो. त्यांनी स्वागत केलं असेल तर पुढे वाचायची फारशी गरज उरत नाही. त्यांनी 'हजारो नोकऱ्या जातील' म्हणून आरडाओरडा केला असेल, तर मात्र चहा घेऊन नीट वाचायला बसावं.

कसोटी थोडी उर्मट आहे, मान्य. पण गेल्या पंधरा वर्षांत तिने मला फारसं फसवलेलं नाही.

डावाची कमाल मर्यादा १ डॉलर करा, असं म्हणतात. त्याने काय होईल?

वरचा हिशेब पुन्हा बघा: तासाचा तोटा १,२०० वरून १२० वर. कमिशनची २०१० ची शिफारस हीच होती आणि मला ती अजूनही सगळ्यात देखणी वाटते. कार्ड नको, कॅमेरा नको, कुणाची नोंद नको. मौजेपुरतं खेळणारे बहुतेक जण तसंही १ डॉलरच्या खालीच खेळतात, त्यांना फरकसुद्धा कळणार नाही. ज्याला कळेल त्याच्यासाठीच तर हा नियम आहे.

व्हिक्टोरियाने मर्यादा ५ डॉलरवर आणली. न्यूझीलंडमध्ये ती अडीच डॉलर आहे. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या मशीनवर एका डावाला १०० पौंड लावता यायचे, ते एप्रिल २०१९ पासून २ पौंडांवर आणले. तारीख सहा महिने पुढे ढकलायचा घाट घातला गेला तेव्हा त्या खात्याच्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामा दिला, मग सरकारने तारीख पुन्हा एप्रिलवर आणली. मंत्र्याने मशीनसाठी खुर्ची सोडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

कार्डाची योजना काय आहे? मला वाटतं हे म्हणजे सरकारने पाळत ठेवणं.

कार्ड म्हणजे खेळण्याआधी स्वतःच ठरवायचं की आज किंवा या महिन्यात इतकेच हरेन. तो आकडा संपला की मशीन बंद. ठरवणारं डोकं सकाळचं, हरणारं डोकं रात्री अकराचं. पहिल्याच्या हातात लगाम द्यायचा, एवढीच कल्पना.

पाळत म्हणाल तर तुमचं सुपरमार्केटचं पॉइंट-कार्ड तुमच्याबद्दल याहून जास्त जाणतं आणि क्लबचं सदस्यत्व-कार्डही. तरी प्रश्न रास्त आहे. माहिती कुणाकडे राहणार, किती दिवस, पोलिसांना मिळणार का, हे कायद्याच्या मसुद्यात शोधा. तिथे गोलमाल भाषा असेल तर विरोध जरूर करा.

खरा घोळ एका शब्दात आहे: ऐच्छिक की सक्तीचं.

व्हिक्टोरियात डिसेंबर २०१५ पासून 'युअरप्ले' नावाची ऐच्छिक कार्ड-योजना आली. यंत्रणा बसवली, खर्च झाला, फलक लागले. वापर नगण्य. ज्याला गरज आहे तो घेत नाही आणि घेतलंच तरी मर्यादा संपल्यावर कार्ड काढून खिशात ठेवलं की मशीन पुन्हा सुरू. दारुड्याच्या हातात कुलूप आणि किल्ली दोन्ही देण्यासारखं. उलट मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोत, रॉयल कमिशनच्या २०२१ च्या चौकशीनंतर, मशीनवर सक्तीचं कार्ड डिसेंबर २०२३ मध्ये आलंसुद्धा. आभाळ कोसळलं नाही.

टास्मानियाने सप्टेंबर २०२२ मध्ये देशातला सगळ्यात कडक आराखडा जाहीर केला: सक्तीचं कार्ड, आधीच ठरलेली मर्यादा दिवसाला १००, महिन्याला ५०० आणि वर्षाला ५,००० डॉलर. तेव्हा मी मित्रांना पेढे द्यायचा बाकी होतो. पुढे तो लांबणीवर पडला. जाहीर झालेला आणि अमलात आलेला, या दोन प्रस्तावांत ऑस्ट्रेलियात टास्मानियाला मुख्य भूमीपासून तोडणाऱ्या बास सामुद्रधुनीएवढं अंतर असतं.

जगात कुठे सक्तीचं कार्ड चाललंय का?

नॉर्वेत. त्यांनी आधी २००६ मध्ये मशीनमध्ये नोटा घालणं बंद केलं, मग जुलै २००७ पासून सगळी मशीनं उचलली. दीड-दोन वर्षांनी सरकारी कंपनीची नवी, संथ मशीनं आणली. कार्डाशिवाय सुरू न होणारी, दिवसाला ४०० आणि महिन्याला २,२०० क्रोनर हरलात की बंद पडणारी. मदतीसाठी येणारे फोन घटले.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची गोष्ट उलटी. तिथेही कार्ड आधी ऐच्छिक होतं, २०१२ मध्ये सक्तीचं केलं, पण मर्यादा ठरवणं ऐच्छिकच ठेवलं. २०१४ मध्ये योजना गुंडाळली. उद्योगवाले हे उदाहरण हटकून देतात. देऊ द्या, फक्त विचारा: तिथे मर्यादा सक्तीची होती का?

रात्री मशीनं बंद ठेवून काय मिळतं? माणूस सकाळी जाईल.

काही जण जातील. पण पहाटे चार वाजता मशीनसमोर कोण असतं याचा विचार करा. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ टॅक्सी चालवायचे. पहाटे शिफ्ट संपली की घरी जायच्या आधी 'दहा मिनिटं' थांबायचे. ती दहा मिनिटं त्यांच्या घराच्या हप्त्याएवढी झाली. त्या वेळेला दार बंद मिळालं असतं तर ते झोपायला गेले असते, असं ते स्वतःच सांगतात. 'शिफ्टवाल्यांची करमणूक बुडेल' असा युक्तिवाद क्लबवाले करतात तेव्हा मला हे गृहस्थ आठवतात.

कलम वाचताना एक बघा: सगळीकडे एकच वेळ आहे का? व्हिक्टोरियात पूर्वी प्रत्येक ठिकाण आपापल्या सोयीने बंद व्हायचं. एक बंद झालं की माणूस रस्त्यापलीकडच्या दुसऱ्यात. ऑगस्ट २०२४ अखेरपासून पब-क्लबांत सर्वत्र पहाटे ४ ते सकाळी १० बंद. न्यू साउथ वेल्समध्येही कागदावर हीच वेळ होती, पण सहाशेहून जास्त ठिकाणांना सवलत. सवलत ही अपवादासाठी असते, हे शाळेत शिकलो होतो.

मशीनची संख्या कमी केली तर?

ऐकायला छान. साउथ ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये ३,००० मशीनं काढायचं ठरवलं, दोन हजारांवर निघालीही, पण हरलेल्या पैशात फारसा फरक पडला नाही. कारण सोपं आहे. एका हॉलमध्ये चाळीस मशीनं असतात, बुधवारी दुपारी त्यांतली दहा चालू असतात. रिकाम्या खुर्च्या उचलल्याने गर्दी कमी होत नाही. संख्या खरोखर शून्यावर आणली तर गोष्ट वेगळी.

शून्यावर कुठे आणलीय?

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मुळात येऊच दिली नाहीत. पर्थच्या कॅसिनोबाहेर एकाही पबमध्ये किंवा क्लबमध्ये पोकी नाही. तिथे पब आहेत, क्लब आहेत, मुलांच्या क्रिकेट टीम आहेत. आणि माणशी जुगारावर जाणारा पैसा पूर्वेकडच्या राज्यांपेक्षा खूपच कमी आहे.

'इथे बंद केलं तर लोक ऑनलाइन जातील' या भीतीचंही निम्मं उत्तर यात आहे. काही जण जातात. सगळे गेले असते तर पर्थच्या माणसाने सिडनीच्या माणसाइतकंच हरायला हवं होतं.

क्लब बंद पडले तर खेळांना पैसे कोण देणार?

आपल्या मंडळांचे कार्यक्रमही कधीकधी क्लबच्या हॉलमध्ये स्वस्तात होतात, त्यामुळे हा प्रश्न अवघडून विचारला जातो. न्यू साउथ वेल्समध्ये मशीनपासून वर्षाला १० लाख डॉलरवर नफा मिळवणाऱ्या क्लबांनी त्यावरच्या रकमेच्या १.८५ टक्के समाजकार्याला द्यायचे असतात आणि त्या बदल्यात करात सूट मिळते. शंभर डॉलरमागे दोनसुद्धा नाहीत, तेही सरकारच्या तिजोरीतून वळते. एखाद्या वस्तीकडून शंभर घेऊन तिला पावणेदोन परत द्यायचे आणि वर फलक लावायचा, याला दान म्हणणं जिवावर येतं. सिडनीत सगळ्यात जास्त पैसा फेअरफिल्डसारख्या स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या भागातून जातो आणि मेलबर्नमध्ये ब्रिमबँकमधून. बंदराकाठच्या श्रीमंत उपनगरांतून नाही.

एटीएम, नोटांची मर्यादा, चेहरा ओळखणारे कॅमेरे, यांतलं काय उपयोगी?

एटीएम: उपयोगी. व्हिक्टोरियाने १ जुलै २०१२ पासून ती काढायला लावली आणि गल्ला सुमारे ७ टक्के घटला. पैसे काढायला बाहेर जावं लागलं की दोन मिनिटं हवा लागते, तेवढ्यात काहींना घर आठवतं. गंमत म्हणजे याच कारणाने सप्टेंबर २००२ ची तिथली धूम्रपानबंदीही लागू पडली होती. ती आरोग्यासाठी आणली होती, पण सिगारेट ओढायला उठावं लागल्याने डाव तुटायचा आणि गल्ला घसरला.

मशीनमध्ये एका वेळी किती रोकड घालता येते, हेही महत्त्वाचं. न्यू साउथ वेल्समध्ये ५,००० डॉलर घालता यायचे, नव्या मशीनवर आता ५००. जुनी मशीनं मरेपर्यंत जुन्याच नियमाने चालतात, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. काळा पैसा पांढरा करण्यासाठीही ही मशीनं वापरली जातात, असं त्याच राज्याच्या क्राइम कमिशनने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगून रोकडविरहित सक्तीच्या कार्डाची शिफारस केली.

कॅमेरे: ज्यांनी 'मला आत घेऊ नका' असं स्वतः लिहून दिलंय, त्यांनाच ते ओळखतात. त्यांच्यासाठी ठीक. बाकीच्यांसाठी काही नाही. उद्योगाला हा उपाय फार आवडतो. माझी कसोटी आठवा.

इतकं सगळं माहीत असून सरकारं का करत नाहीत?

कारण राज्य सरकारांना यातून भरघोस कर मिळतो आणि क्लबांकडे मतदारसंघ आहेत.

२०१० मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्याकडे बहुमत नव्हतं. टास्मानियाचे अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी पाठिंब्याच्या बदल्यात सक्तीची मर्यादा-योजना मागितली आणि लेखी कबुली घेतली. क्लबांनी 'हे ऑस्ट्रेलियन नाही' अशी मोहीम उघडली, काठावरच्या मतदारसंघांत खासदारांचे फोटो लावले. नोव्हेंबर २०११ मध्ये विरोधी बाकांवरचे पीटर स्लिपर सभापती झाले, सरकारला एक मत वाढून मिळालं, विल्कींची गरज संपली. जानेवारी २०१२ मध्ये करार गेला. वर्षअखेरीस एक पातळ कायदा झाला, तोही पुढच्या सरकारने २०१४ मध्ये मोडीत काढला.

२०१८ मध्ये टास्मानियात लेबर पक्ष पब-क्लबमधून पोकी हटवण्याच्या वचनावर लढला आणि हरला. २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, लिबरल पक्षाचे डॉमिनिक पेरोटे सक्तीच्या कार्डाचं वचन देऊन हरले. हरण्याची कारणं इतरही होती, पण राजकारण्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. आणि हो, दोन्ही उदाहरणांत पक्ष वेगवेगळे होते. 'अमुक पक्ष पोकीविरोधी' असं कुणी सांगितलं तर राज्य आणि साल विचारा.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्र-गोव्यात, याचा काही संबंध?

थोडा आहे. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत अशी मशीनं चालू दिली आणि पुढे मांडवीत कॅसिनोची जहाजं आली. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी आहे, म्हणजे नुकसान होतं हे सरकारला मान्य आहे, फक्त ते पाहुण्यांचं व्हावं. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, कधीच लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. पण मशीन यायला पबच लागतो असं नाही, ते आता प्रत्येकाच्या खिशात आहे. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो कसा चालतो हे बघतानाही गल्ल्याचाच प्रश्न विचारायचा: पैसा थांबला, की फक्त रस्ता बदलला?

आमच्या घरात कुणाला तरी नाद लागलाय असं वाटतं. आत्ता काय करू?

धोरणं येतील तेव्हा येतील. १८०० ८५८ ८५८ हा देशभरचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. घरच्यांनाही फोन करता येतो, खेळणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. दुभाष्या मागता येतो. 'बेटस्टॉप' या राष्ट्रीय नोंदवहीत नाव घातलं की पोकीही बंद होईल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही, ती ऑगस्ट २०२३ पासून फक्त ऑनलाइन आणि फोनवरच्या सट्ट्यासाठी आहे. पोकीसाठी त्या-त्या राज्यातली प्रवेशबंदीची योजना वेगळी असते. अर्ज भरताना घराजवळचा एकच क्लब लिहून थांबू नका. कामाच्या रस्त्यावर येणारी सगळी ठिकाणं लिहा.